सायकलचा छोटा पंप : एक हिशेब

(बी.कॉम., चौथे सत्र)

खानापूर मागे टाकले की पणजीकडे जाणारा महामार्ग रानात शिरतो. तेथून लोंढ्यापर्यंत सुमारे २५ किलोमीटरचा रस्ता आहे आणि मध्ये गुंजी सोडले तर थांबून मदत मागावी असे मोठे गाव नाही. लोंढ्याच्या पुढे रामनगर, मग अनमोडचा घाट, आणि घाट उतरला की गोव्यातले मोले. २०११ साली अभयारण्य म्हणून जाहीर झालेले भीमगडचे जंगल आमच्याच तालुक्यातले. अस्वल आणि गवा ही नावे आमच्याकडे गोष्टीच्या पुस्तकापेक्षा वर्तमानपत्रात अधिक वाचायला मिळतात. मोबाइलची रेंज वळणावळणाला येते आणि जाते. अशा रस्त्यावर दिवस कलताना सायकलच्या चाकातली हवा गेली, तर जवळचा वीतभर पंप हाच काय तो सायकलस्वाराचा आधार. हा पंप कसा निवडावा, एवढाच या लेखाचा विषय आहे. (आमच्या गावात 'हातपंप' म्हटले की लोकांना बोअरवेल आठवते, म्हणून पुढे नुसते 'पंप' असेच म्हणतो.)

विषय क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. आपल्या वडीलमंडळींनी ज्या काळ्या, उंच सायकली चालवल्या त्यांना पंपाची चिंता फारशी नव्हती. त्यांचा टायर रुंद, हवा चाळीस-पन्नास पौंडांची, आणि कोणत्याही पंक्चरच्या दुकानात पायाखाली धरायचा मोठा पंप ठेवलेला. 'हवा मारा' म्हणा किंवा 'गाळि हाकरी' म्हणा, दोन्ही भाषांत काम दोन मिनिटांचे. परंतु गेल्या काही वर्षांत पातळ टायरची, वाकड्या हँडलची सायकल, म्हणजे जिला रोड बाइक म्हणतात ती, आपल्याही भागात दिसू लागली आहे. विजापूर-बागलकोटकडच्या सायकलपटूंमुळे उत्तर कर्नाटकाला शर्यतीची सायकल तशी नवी नाही. नवी गोष्ट ही, की ती आता कोणाचीतरी वापरलेली म्हणून सामान्य विद्यार्थ्याच्याही हाती येते. मजजवळची सायकल अशीच मामांकडून आलेली आहे. या सायकलीच्या टायरला जुन्या सायकलीच्या जवळजवळ दुप्पट दाब लागतो, आणि नेमका तोच दाब खिशात मावणाऱ्या पंपाने द्यायचा असतो. येथे गणित सुरू होते.

गेल्या हिवाळ्यात गुंजीच्या अलीकडे एक गृहस्थ रस्त्याच्या कडेला सायकल उलटी करून बसलेले आम्हां दोघां मित्रांना दिसले. बेळगावहून निघून अनमोडपर्यंत जायचा त्यांचा बेत होता. "दादा, पंप पाहिजे काय?" असे विचारले तर म्हणाले, "पंप आहे की! चांगला एकशे साठ पौंडांचा आहे. पण हवा चढत नाही बघ." पंप खरोखरच सुबक होता, हाताच्या पंजाएवढा, आणि त्याच्या अंगावर १६० हा आकडा कोरलेला होता. वीस-पंचवीस मिनिटे आळीपाळीने तिघांनी दांडा हाणला. टायर अंगठ्याने सहज दबत होता तेवढ्यावरच काम थांबले, कारण शेवटी दांडा आत जाईना. ते तसेच निघाले आणि पुढच्या खड्ड्यात ट्यूब पुन्हा गेली. यावेळी तिला शेजारी शेजारी दोन चिरा होत्या. हवा कमी असली की खड्ड्याच्या कडेने टायर रिमपर्यंत दबतो आणि मध्ये सापडलेली ट्यूब दोन्ही बाजूंनी कापली जाते. सायकल अखेर एका मालवाहू रिक्षात घालून बेळगावला गेली.

त्या पंपावरचा आकडा खोटा होता असे मी म्हणत नाही. पंपाची नळी १६० पौंडांचा दाब सहन करील, एवढाच त्याचा अर्थ असावा. तो दाब निर्माण करणारा हात कोणाचा, हे कंपनीने सांगितलेले नसते. म्हणून पंप घेताना तो आकडा बाजूला ठेवून दोनच मापे पाहावीत : नळीचा आतला व्यास आणि दांड्याची चाल, म्हणजे दांडा पूर्ण बाहेर ओढल्यावर किती लांब येतो ते.

आधी व्यास घेऊ. शाळेत शिकलेले सूत्र येथे पुरे आहे : बल म्हणजे दाब गुणिले क्षेत्रफळ. १०० पौंड म्हणजे दर चौरस इंचावर १०० पौंड, आपल्या मापात दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ७ किलो. नळीचा आतला व्यास १६ मिलिमीटर असेल तर दट्ट्याचे क्षेत्रफळ २ चौरस सेंटिमीटर होते, आणि १०० पौंडांच्या वेळी हाताला १४ किलोचा जोर लावावा लागतो. व्यास २० मिलिमीटर असेल तर हाच जोर २२ किलो होतो. २५ मिलिमीटर असेल तर ३४ किलो. शिवाय हे एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा, आणि तेही एका हाताने व्हॉल्व्ह सांभाळत. व्यास थोडासा वाढला तरी क्षेत्रफळ वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे लक्षात न घेतल्यामुळेच माणूस फसतो. जाडजूड पंप दुकानात हवेत चालवून पाहिला तर भसाभस वारा सोडतो आणि गिऱ्हाईक खूष होते. तो डोंगरी सायकलीच्या तीस-चाळीस पौंडांच्या टायरसाठी असतो. पातळ टायरला लावल्यास साठ पौंडांच्या आसपास तो हाताला दाद देईनासा होतो. १६० पौंड २० मिलिमीटरच्या पंपाने गाठायचे, तर प्रत्येक वेळी ३५ किलो रेटावे लागतील. तेवढा जोर कोणी रस्त्याच्या कडेला बसून शंभर वेळा लावू शकत असेल, तर त्याने कुस्तीच्या आखाड्यात जावे.

मग अगदी बारीक नळीचा पंप घ्यावा काय? येथे दुसरे माप आडवे येते. ७०० बाय २५ च्या टायरमधली जागा हिशेबाने सुमारे एक लिटर भरते. त्यात १०० पौंड हवा भरायची म्हणजे बाहेरची सुमारे आठ लिटर हवा त्या एका लिटरात कोंबायची. १६ मिलिमीटर व्यासाचा आणि १० सेंटिमीटर चालीचा पंप एका फेरीत २० घनसेंटिमीटर हवा घेतो. आठ लिटरांसाठी ४०० फेऱ्या झाल्या. २० मिलिमीटर व्यास आणि १६ सेंटिमीटर चाल असेल तर एका फेरीत ५० घनसेंटिमीटर, म्हणजे १६० फेऱ्या. १८ मिलिमीटर व्यास आणि २० सेंटिमीटर चाल असेल तरी जवळजवळ तेवढ्याच फेऱ्या, पण हाताचा जोर मात्र २२ किलोंऐवजी १८ किलो. घरी ठेवायचा उभा पंप ३० मिलिमीटर व्यासाचा आणि ४५ सेंटिमीटर चालीचा धरला, तर पंचवीस फेऱ्यांत काम संपते. तेथे दोन्ही हात आणि अंगाचे वजन मदतीला असते, म्हणून तो मोठा व्यास चालतो.

वाणिज्य शाखेच्या वाचकांना हे कर्जाच्या उदाहरणाने लगेच समजेल. मुद्दल सर्वांना सारखेच, आठ लिटर. जाड पंप म्हणजे थोडे पण मोठे हप्ते, बारीक पंप म्हणजे पुष्कळ पण लहान हप्ते. गंमत अशी, की हप्ता सुरुवातीला नगण्य असतो आणि शेवटी शेवटी वाढत जातो. पहिल्या पन्नास फेऱ्या कोणत्याही पंपाने आनंदाने होतात. दुकानात पंप पाहणारा नेमक्या याच पन्नास फेऱ्या पाहतो.

आणि दर हप्त्यावर दलालीही कापली जाते, जिचा उल्लेख पंपाच्या खोक्यावर नसतो. टायरमध्ये ७ किलोचा दाब असताना पंपातली हवा एक-अष्टमांश आकाराची होईपर्यंत आतली झडप उघडतच नाही. १० सेंटिमीटर चालीच्या पंपात याचा अर्थ असा, की पावणेनऊ सेंटिमीटर दांडा नुसताच आत जातो आणि शेवटच्या सव्वा सेंटिमीटरात जी काय हवा टायरमध्ये जाईल ती जाते. या शेवटच्या टप्प्यात दांडा अर्धा सेंटिमीटर अलीकडे थांबला, किंवा पंपाच्या टोकाशी तेवढी पोकळी राहिली, तर कमाईचा चाळीस टक्के भाग बुडाला. २० सेंटिमीटर चालीच्या पंपात शेवटचा टप्पा अडीच सेंटिमीटरांचा असतो, तेथे तेवढ्याच पोकळीने वीस टक्केच बुडतात. दमलेला माणूस दांडा घाईघाईने आणि अर्धवट मारू लागतो. त्याला वाटते आपण हवा भरतो आहोत, पण तो नुसता पंप तापवत असतो. आखूड पंपाने हवा 'चढत नाही' याचे खरे कारण बहुतेक वेळा हेच असते. म्हणून शेवटच्या फेऱ्या सावकाश आणि दांडा पूर्ण टेकेपर्यंत माराव्यात.

एवढे मांडल्यावर माझे मत सांगतो. आमच्या रस्त्यासाठी पंजाएवढा पंप नको. बंद स्थितीत वीस ते पंचवीस सेंटिमीटर लांब, आतला व्यास १६ ते १८ मिलिमीटर आणि चाल १५ सेंटिमीटरांहून अधिक, असा पंप पाहावा. तो खिशात मावणार नाही, पण पाण्याच्या बाटलीच्या पिंजऱ्याशेजारी सांगाड्याला सहज बसतो. याहून थोडे वजन चालत असेल, तर छोटा पाय आणि आडवी मूठ असलेला, जमिनीवर टेकवून मारायचा पंप सर्वांत उत्तम. टोपीक कंपनीचा रोड मॉर्फ हा या जातीचा प्रसिद्ध नमुना. त्यात अंगाचे वजन वापरता येते, त्यामुळे व्यास मोठा असूनही शंभर पौंड गाठता येतात. बाजारात छोटे पंप तीनशे रुपयांपासून कित्येक हजारांपर्यंत मिळतात. महाग पंपात बरेचसे पैसे वजन कमी करण्याचे असतात. विद्यार्थ्याने पन्नास ग्रॅम वाचवण्यासाठी हजार रुपये घालावेत, असे निदान मला तरी वाटत नाही. सकाळचा डबा थोडा हलका केला तरी तेवढे वजन वाचते.

टायर बदलायची वेळ आली असेल तर आणखी एक युक्ती सुचवतो, कारण ती पंपाहून स्वस्त पडते. सायकलीत बसत असेल तर २५ ऐवजी २८ चा टायर घालावा. त्यात जागा सुमारे सव्वा लिटर, पण ८० पौंड हवा पुरते. बाहेरची हवा हिशेबाने तेवढीच, आठ लिटरांच्या थोडी वर लागते. म्हणजे फेऱ्या जवळपास सारख्याच, पण १६ मिलिमीटरच्या पंपावर शेवटचा जोर १४ किलोंवरून सव्वाअकरा किलोंवर येतो. आपल्या रस्त्यांना रुंद टायर मानवतोही. आणि कोणत्याही टायरवर व रिमवर छापलेली कमाल मर्यादा आधी वाचावी. काही नव्या रिमना सुमारे ७२ पौंडांच्या वर हवा चालतच नाही. रस्त्यात पंक्चर काढल्यावर पूर्ण शंभर पौंडांचा हट्टही धरू नये. साधारण वजनाच्या माणसाला २५ च्या टायरवर सत्तर-पंचाहत्तर पौंडांत, खड्डे चुकवत, घरी पोचता येते.

आता व्हॉल्व्हकडे वळू. येथे पुष्कळ जण अडतात. आपल्याकडे तीन प्रकार आढळतात. जुन्या सायकलीचा, ज्याला डनलॉप किंवा वूड्स व्हॉल्व्ह म्हणतात तो. मोटारसायकलीला असतो तो श्रेडर. आणि रोड बाइकचा बारीक, टोकाला छोटी चकती असलेला प्रेस्टा. डनलॉप हे नाव त्या पशुवैद्याचे, ज्याने १८८८ साली बेलफास्टमध्ये मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर बनवला. प्रेस्टात हवा भरण्यापूर्वी टोकाची चकती फिरवून सैल करावी लागते आणि एकदा बोटाने दाबून सोडावी लागते. हे ठाऊक नसलेला माणूस पंपालाच दोष देत बसतो. रस्त्यावरच्या पंक्चरच्या दुकानात जो कॉम्प्रेसर असतो त्याचे तोंड श्रेडरचे. प्रेस्टावर बसवायचे पितळी अडॅप्टर दहा-वीस रुपयांच्या घरात मिळते आणि आकाराने शेंगदाण्याएवढे असते. ते एक व्हॉल्व्हवरच फिरवून ठेवावे. मात्र कॉम्प्रेसरने भरताना दुकानदाराला 'थोडी थोडी' असे आधीच बजावावे, कारण एक लिटरचा टायर फुटायला फार वेळ लागत नाही.

पंपाचे तोंड व्हॉल्व्हवर थेट बसणारे असेल, तर प्रत्येक धक्का व्हॉल्व्हलाच बसतो. शेवटच्या जोराच्या फेऱ्यांत हात हलतो आणि व्हॉल्व्ह वाकतो, किंवा ट्यूबच्या बुडाशी चीर जाते. त्यापेक्षा आखूड रबरी नळी असलेला पंप बरा. नळी आटे फिरवून बसणारी असेल तर तिचाही एक दोष आहे. काढताना ती व्हॉल्व्हचा आतला भाग सोबत उलगडून आणते आणि चारशे फेऱ्यांची कमाई एका सुस्काऱ्यात निघून जाते. घरीच तो भाग पान्याने घट्ट करून ठेवला म्हणजे ही भीती राहत नाही. दुकानात जाताना आपली एक ट्यूब बरोबर न्यावी आणि पंपाचे तोंड तिच्यावर बसवून मगच पैसे द्यावेत. मोजपट्टी नेण्यासही संकोच करू नये. दुकानदार हसला तर हसू द्यावा.

पंपाऐवजी कार्बन डायऑक्साइडची छोटी नळकांडी वापरणारेही आहेत. १६ ग्रॅमचे एक नळकांडे सुमारे नऊ लिटर वायू देते, म्हणजे आपल्या आठ लिटरांच्या मुद्दलाची एकरकमी परतफेड. काम काही सेकंदांत होते. परंतु टायरमध्ये काटा तसाच राहिला असेल तर तो सगळा वायू वाया जातो आणि दुसरे नळकांडे नसेल तर खेळ संपला. शिवाय हा वायू ट्यूबच्या रबरातून हवेपेक्षा लवकर झिरपतो, म्हणून घरी येऊन पुन्हा साधी हवा भरावी लागते. शर्यतीत हे ठीक. बॅटरीवर चालणारे मुठीएवढे पंपही हल्ली निघाले आहेत आणि ते खरोखर दाब देतात. पण ते चार्ज करायची आठवण ठेवणे हे एक वेगळेच काम होते, आणि आमच्याकडच्या पावसाळ्यात वीज किती वेळ असते हे वाचकांना सांगायला नको. ज्याला ते परवडतात त्याने ते जरूर घ्यावेत, पण साधा पंप घरी ठेवून नव्हे.

लांब पल्ल्याची सायकल चालवणाऱ्यांमध्ये आपले आपण निभावण्याला नियमाचेच स्थान आहे. ऑडॅक्स इंडियातर्फे होणाऱ्या २०० किलोमीटरच्या फेरीला साडेतेरा तासांची मुदत असते, आणि ठरलेल्या ठाण्यांखेरीज वाटेत मागून गाडी आणून मदत घेता येत नाही. पुण्या-मुंबईचे अनेक जण या फेऱ्या करतात. पूर्वी हा नियम किती कडक होता याचे एक उदाहरण फ्रान्समधले आहे. १९१३ सालच्या टूर द फ्रान्समध्ये तूरमाले घाटाच्या उतारावर यूजेन क्रिस्तॉफ याच्या सायकलचा पुढचा चिमटा मोडला. सायकल खांद्यावर घेऊन तो मैलोन्‌मैल चालत खालच्या गावी आला आणि तेथल्या लोहाराच्या भट्टीवर त्याने स्वतःच्या हातांनी चिमटा सांधला. पंचांनी त्याला तरीही दंड केला, कारण भट्टीचा भाता एका मुलाने मारला होता. हवा दुसऱ्याने मारली हा गुन्हा! सुदैवाने गुंजीच्या रस्त्यावर असे पंच नाहीत, आणि कोणी पंप मागितला तर नाही म्हणण्याची आपल्याकडे रीतही नाही.

पंप घेतल्यावर तो सांगाड्याला लावून विसरून जाणे हा आणखी एक प्रकार. आमच्याकडची लाल माती उन्हाळ्यात धूळ होते आणि पावसाळ्यात गाळ होते, आणि दोन्ही रूपांत ती पंपाच्या तोंडातून आत शिरते. आतल्या दट्ट्याला रबराची कडी असते. जुन्या पंपात तिच्या जागी कातड्याचा वायसर असे आणि त्याला तेल पाजावे लागे. रबराच्या कडीला मात्र खोबरेल किंवा मशीनचे तेल लावू नये, सिलिकॉनचे ग्रीस चिमूटभर पुरते. पावसाळ्यात पंपाला प्लास्टिकची पिशवी गुंडाळून वर रबर लावावे. महिन्यातून एकदा घरीच चाकातली हवा पूर्ण सोडून याच पंपाने भरून पाहावी आणि फेऱ्या मोजाव्यात. आकडा मागच्या महिन्यापेक्षा बराच वाढला असेल तर कडी झिजली किंवा सुकली असे समजावे. ही कडी बऱ्याच कंपन्या सुटी देतात. पंप घेताना दोन जास्तीच्या मागून घ्याव्यात आणि पंक्चरच्या पॅच-सोल्युशनच्या डबीत टाकून ठेवाव्यात.